काचेचा हात!

जूनचा पहिला पाऊस. कर्वे रोड. संध्याकाळचे साडेसहा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, गाडी हळू चालवा, असं गेल्याच वर्षी मी एका लेखात लिहिलं होतं. आणि यंदा त्याच ऑइलवरून माझी स्कूटर अशी काही घसरली की मी एका बाजूला, स्कूटर दुसऱ्या बाजूला आणि लॅपटॉपची बॅग तिसऱ्याच कुणाच्या तरी पायाशी! हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. (आई, हे वाक्य दोनदा वाच.) पण पडताना टेकलेला उजवा हात मनगटापाशी मोडला.

एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, ‘‘सूज आहे. तीन-चार दिवस कच्चं प्लास्टर ठेवू, मग पक्कं. साधं घालायचं की फायबर?’’

थाळी हवी की आ ला कार्ट, असं विचारावं तसा त्यांचा सूर. मी म्हटलं, ‘‘फरक काय?’’

‘‘साधं स्वस्त, पण जड. भिजलं की संपलं. फायबर हलकं, मजबूत, थोडं महाग. आणि त्यात रंग मिळतात.’’

रंग मिळतात म्हटल्यावर विषयच संपला. मी जांभळा घेतला.

चार दिवसांनी पक्कं प्लास्टर घालायला गेले. आधी कापसाचं अस्तर. मग पाकिटातून जांभळ्या रंगाची, जाळीदार पट्टी निघाली. ती पाण्यात बुडवली, पिळली आणि भराभर हाताभोवती गुंडाळली. दोन-तीन मिनिटांत हाताला गरम लागायला लागलं आणि बघता बघता ती लुसलुशीत पट्टी लाकडासारखी टणक झाली. मी थक्क! विचारलं, ‘‘डॉक्टर, हे फायबर म्हणजे नेमकं काय हो?’’

‘‘काच,’’ ते म्हणाले.

घ्या! म्हणजे माझं मोडलेलं हाड सहा आठवडे काच सांभाळणार होती. जी काच हातातून पडली तर फुटते, ती!

डाव्या हाताने टायपिंग करणाऱ्या फ्रीलान्सरकडे वेळच वेळ असतो. मग मी या काचेच्या मागेच लागले.

मातीत भुसा, तसं रेझिनमध्ये काच

फण्डा तसा सोपा आहे. गावाकडे मातीची भिंत घालताना मातीत भुसा किंवा गवत कालवतात, आठवतंय? नुसती माती वाळली की तडकते. नुसतं गवत उभं राहत नाही. दोन्ही एकत्र आले की भिंत पिढ्यान् पिढ्या टिकते. फायबरग्लासचं लॉजिक हेच. गवताच्या जागी काचेचे धागे, मातीच्या जागी रेझिन. इंजिनिअर मंडळी त्याला एफआरपी किंवा जीआरपी म्हणतात. आपण नुसतं ‘फायबर’ म्हणतो आणि मोकळे होतो.

पण काच तर ठिसूळ! मग तिचा धागा इतका मजबूत कसा? ए. ए. ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने १९२१ मध्ये याचं उत्तर दिलं. काच फुटते ती तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरांमुळे. काच जितकी बारीक ओढावी, तितकी मोठ्या चिरेला जागाच उरत नाही. त्यामुळे आपल्या केसाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा काचेचा धागा त्याच काचेच्या जाड दांडीपेक्षा कितीतरी जास्त ताण सहन करतो. आणि एखादा धागा तुटलाच, तर भोवतीचं रेझिन त्याचा भार शेजारच्या धाग्यांवर वाटून टाकतं. एकत्र कुटुंब म्हणा ना!

काचेचे धागे काढायचा नाद तसा जुना आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काच कारखानदाराने रेशीम आणि काचेचे धागे एकत्र विणलेला चक्क एक ड्रेस मांडला होता. दिसायला झक्कास, पण घालून बसायची सोय नाही. दुमडला की धागे तुटायचे. फॅशनसाठी माणूस काय काय सोसतो, हे तेव्हाही तसंच होतं!

खरा ब्रेक मिळाला तो चुकून. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेचे दोन ठोकळे एकमेकांना जोडायच्या खटपटीत होता. दाबाने सोडलेल्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि काच बारीक धाग्यांच्या रूपात उडाली. ठोकळे बाजूलाच राहिले, हाती लागली काचेची लोकर. गेम्स स्लेटर या त्याच्या वरिष्ठाने त्यातलं मोल ओळखलं आणि पुढे १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाल्यावर तर गाडी सुसाटच सुटली. अगदी खरोखरची गाडी! १९५३ मध्ये आलेल्या शेवरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची बॉडी फायबरग्लासची होती.

सकाळपासून रात्रीपर्यंत

हातावर फायबर चढलं आणि मला जिथे तिथे तेच दिसायला लागलं. नवी गाडी घेतली की रस्त्यावर सगळीकडे तीच गाडी दिसते, तसं.

सकाळी उठून खिडकी उघडली. डासांसाठी लावलेली ती करडी, मऊ, न गंजणारी जाळी? बहुतेक वेळा ती प्लास्टिकचा लेप दिलेल्या काचेच्या धाग्यांची असते. बाथरूमचं न फुगणारं, न कुजणारं दार? अनेक घरांत एफआरपीचं. सोसायटीच्या बागेतली घसरगुंडी, जिच्यावर लहानपणी आपण फ्रॉकची वाट लावली? फायबर. आणि बागेच्या दारात तोंडाचा मोठ्ठा ‘आ’ करून कचऱ्याची वाट बघणारा तो पेंग्विन? तोही फायबरचाच.

ऑफिसला या. आयटी पार्कच्या गच्चीवर एसीच्या प्लाण्टचे कूलिंग टॉवर घोंघावत असतात, त्यांचं अंग बहुधा एफआरपीचं. एसीच्या डक्टवर गुंडाळलेली काचेची लोकर म्हणजे याच कुटुंबातली, फक्त तिच्यात धागे मोकळे आणि मधे हवा कोंडलेली. लॅपटॉप आणि मोबाइलच्या आत जी सर्किटची पाटी असते, तीसुद्धा विणलेल्या काचेच्या कापडावर इपॉक्सी चढवून केलेली. म्हणजे आत्ता तुमच्या खिशातही फायबरग्लास आहे! (इंटरनेट आणणारी ऑप्टिकल फायबर मात्र वेगळी बरं का. तीही काचच, पण तिचं काम प्रकाश वाहून नेण्याचं, भार पेलण्याचं नाही.)

एक गंमत लक्षात आली. आपल्याकडे जे चकाकतं आणि हलकं असतं त्या सगळ्यालाच दुकानदार ‘फायबर’ म्हणतात. लग्नाच्या हॉलमधल्या रचून ठेवायच्या खुर्च्या? ‘फायबरच्या आहेत, मॅडम!’ अहो, ते साधं प्लास्टिक. खरी फायबरग्लासची खुर्ची आणली ती चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने, १९५० मध्ये. वाटीसारखी अखंड बैठक, खाली बारीक पाय. पुढे प्रतीक्षागृहांमधून रांगेने दिसणाऱ्या बकेट खुर्च्यांची ती आजीच म्हणायची. याच जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला, आपल्या साध्या लोट्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्या रिपोर्टमधून पुढे अहमदाबादची एनआयडी आकाराला आली.

या खुर्चीच्या गोष्टीला एक ट्विस्ट आहे. ती बनवणाऱ्या हर्मन मिलर कंपनीने फायबरग्लासची खुर्ची मधली कित्येक वर्षं बंद ठेवली होती. कारण पर्यावरण. २०१३ मध्ये बनवायची नवी पद्धत घेऊनच ती परत आली.

आता इतक्या गुणी मटेरियलमध्ये असं काय खटकण्यासारखं होतं? ते कळण्यासाठी मला भोसरीला जावं लागलं.

भोसरीतली खाज

एमआयडीसीच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये एफआरपीचं वर्कशॉप. ओळखीतून ओळख काढून गेले होते. दारातच वासाने स्वागत केलं. गोडसर, उग्र, डोक्यात जाणारा. हा स्टायरीनचा वास. पॉलिएस्टर रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन असतं.

मालक काकांनी माझ्या जांभळ्या हाताकडे बघितलं आणि हसले. ‘‘या! तुम्ही तर आमचा माल घालूनच आलात की!’’

काम सगळं हाताचं. आधी मोल्डला मेण घासायचं, म्हणजे वस्तू चिकटून बसत नाही. मग रंगाचा थर, म्हणजे जेलकोट. बाहेरून दिसणारी चकाकी त्याचीच. त्यावर काचेच्या तुकडे-धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन पाजायचं, लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. मग पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. रेझिनमध्ये आधी जांभळट कोबाल्ट आणि वापरायच्या वेळी हार्डनर. ‘‘हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत,’’ काका म्हणाले, ‘‘भडका उडतो.’’ एकदा हार्डनर पडला की घड्याळ सुरू. थोड्या वेळात रेझिन तापतं, घट्ट होतं आणि मग ब्रह्मदेव आला तरी ते पुन्हा पातळ होत नाही.

कडा घासण्याचं काम एक दादा करत होते. मूळचे लातूरकडचे, १८ वर्षं याच कामात. ग्राइंडर फिरला की पांढरी धूळ धुक्यासारखी उठत होती. मास्क होता, पण गळ्यात.

‘‘दादा, मास्क?’’

‘‘गुदमरतं ताई. या उकाड्यात दिवसभर कोण लावणार?’’

‘‘खाज येते?’’

‘‘पहिलं वर्ष झोप लागत नव्हती. आता सवय झाली. थंड पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. चोळलं की आणखी रुततं. आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. पोराच्या अंगाला लागतं ना.’’

मी तिथे तासभर होते. घरी येऊन अंघोळ केली तरी रात्रभर डावा हात खाजत होता. उजवा तर प्लास्टरच्या आतून आधीच खाजत होता! तेव्हा कळलं, मला सहा आठवडे जे सहन होत नव्हतं, ते त्या दादांनी १८ वर्षं सवयीचं करून टाकलं होतं.

घाबरवून टाकायचं नाही, पण नेमकं काय ते सांगायला हवं. फायबरग्लास म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. ॲस्बेस्टॉसचा धागा उभा चिरत चिरत आणखी बारीक होतो आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतो. एफआरपीत वापरतात तो काचेचा धागा जाड असतो आणि आडवा तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये इन्सुलेशनच्या काचलोकरीचा पुन्हा अभ्यास केला आणि तिला ‘कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवलं. पण त्याच संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला मात्र ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. तयार वस्तू वापरणाऱ्या तुम्हा-आम्हाला यात फारसं टेन्शन नाही. प्रश्न आहे तो बंद शेडमध्ये रोज आठ-दहा तास तो वास घेणाऱ्यांचा. हवा खेळती हवी, चांगला मास्क हवा, धूळ ओढून घेणारं मशिन हवं. तंत्र काही अवघड नाही, खर्च आहे. आणि तो खर्च आपण वस्तूच्या किमतीत देत नाही, म्हणून दादा देतात.

शेडच्या दुसऱ्या टोकाला दोन वस्तू शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक केमिकल फॅक्टरीसाठीची टाकी. ती वीसेक वर्षं ॲसिड पोटात घेऊन उभी राहणार. दुसरा, माझ्यापेक्षा उंच गुलाबी डोनट. मॉलमधल्या एका इव्हेण्टसाठी. ‘‘दहा दिवसांचं काम आहे,’’ काका म्हणाले.

‘‘आणि नंतर?’’

काकांनी नुसतेच खांदे उडवले.

भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही

‘आणि नंतर?’ हा प्रश्न माझी पाठ सोडेना. चौथ्या आठवड्यात मित्रांनी मला गाडीत घातलं आणि ठोसेघरला नेलं. धबधबा बघून वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. धुक्यातून एकेक पवनचक्की बाहेर येत होती. सगळे सेल्फी काढण्यात दंग आणि मी पात्यांकडे बघत बसलेली. कारण ती पातीही फायबरग्लासचीच! लांब, हलकी, तरी वाऱ्याचा मार सोसणारी. स्वच्छ विजेचं हे सगळं चित्र या धाग्यांवर उभं आहे. साताऱ्याच्या या डोंगरांवर पवनचक्क्या यायला लागल्या त्या १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून. आणि पात्याचं आयुष्य धरतात साधारण २० ते २५ वर्षं. करा हिशोब.

लोखंड भंगारात जातं, वितळतं, पुन्हा सळई होते. प्लास्टिकची बादलीही वितळते. फायबरग्लासमधलं रेझिन मात्र एकदा पक्कं झालं की झालं. गूळ तापवला तर पुन्हा पातळ होतो, पण भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. फायबरग्लास म्हणजे भाकरी. म्हणूनच भंगारवाला तुमच्या घरचं सगळं उचलतो, पण फुटका फायबरचा पत्रा बघितला की, ‘‘ते नको, ताई,’’ म्हणतो.

मार्ग शोधणं चालू आहे. जर्मनीत जुन्या पात्यांचा चुरा करून सिमेंटच्या भट्टीत वापरतात. रेझिन इंधन म्हणून जळतं, काच सिमेंटमध्ये मिसळून जाते. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये अशी पाती आणली, ज्यांचं रेझिन आयुष्याच्या शेवटी सुटं करता येतं. वेस्टास कंपनीने २०२३ मध्ये इपॉक्सीची जुनी पाती रसायनाने सुटी करायची पद्धत जाहीर केली. पण हे झालं मोठ्या पात्यांचं. दहा दिवसांच्या गुलाबी डोनटला कोण विचारतंय?

भोसरीच्या दादांना मी फोनवर हेच विचारलं. त्यांनी एका वाक्यात मिटवलं. ‘‘ताई, फायबर वितळत नाही, पण जोडता येतं. चीर पडली तर घासा, मॅट लावा, रेझिन मारा, पुन्हा नवं. लोकच टाकून देतात.’’

मला वाटतं, सगळा फण्डा इथेच आहे. गंजत नाही, कुजत नाही, संपत नाही, हा या मटेरियलचा गुण आहे, जर वस्तू टिकवायची असेल तर. टाकून द्यायची असेल तर हाच त्याचा अवगुण. कोकणात लाकडी होडीला फायबरचा कोट चढवतात, कारण तिला वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहायचं असतं. गणपतीत काही मंडळं फायबरची मोठी मूर्ती वर्षानुवर्षं जपतात आणि विसर्जनाला मातीची छोटी मूर्ती नेतात, ते मला एकदम पटतं. तिथे टिकण्याला अर्थ आहे. पण दहा दिवसांच्या हौसेसाठी कायमचं मटेरियल? त्यासाठी कुणाच्या तरी छातीत धूळ? हे गणित काही जमत नाही.

आणि हो, यात मी साळसूद नाही. इव्हेण्टच्या बातम्या करताना असल्या डोनटसमोर उभं राहून फोटो मीही काढलेत.

कर्रर्र...

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला गेले. छोटी गोल करवत. भीती वाटते, पण ती गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. टणक फायबर कापते, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते आणि वाचते. दोन चिरा, एक टक् आवाज आणि माझा हात बाहेर. बारीक, पांढराफटक, पण माझा!

जांभळ्या कवचावर मित्रांच्या सह्या होत्या, भाचीने काढलेली मांजर होती. म्हटलं, आठवण म्हणून घरी नेते. सिस्टर म्हणाल्या, ‘‘नाही हं, हे पिवळ्या पिशवीत जातं.’’ हॉस्पिटलमधला कचरा वेगळा जाळला जातो. रेझिन जळेल, काच राखेत उरेल. ते कवच अजून कितीतरी वर्षं टिकलं असतं. पण काम सहा आठवड्यांचं होतं, आणि ते त्याने चोख केलं होतं. या वेळी मात्र ‘आणि नंतर?’ला माझ्याकडे उत्तर होतं. त्याच्याशिवाय हा लेख उजव्या हाताने टाइप झाला नसता.

भोसरीच्या दादांना जाताना चांगल्यापैकी दोन मास्क नेऊन दिले. लावतात की नाही, माहीत नाही. काकांना मात्र पंख्याचं विचारत असते. परवा म्हणाले, ‘‘दिवाळीनंतर बसवतो.’’ दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे.

स्कूटरवरून. हळू. (आई, हेही दोनदा वाच.)

फायबर घेताय, वापरताय?

• खरं की प्लास्टिक? तुटलेली किंवा न रंगवलेली मागची बाजू बघा. धागे दिसले तर फायबरग्लास. एकसारखी गुळगुळीत असेल तर बहुधा प्लास्टिक.

• गच्चीवरच्या जुन्या पत्र्याचा वरचा थर झिजून धागे वर आले असतील तर उघड्या हाताने घासू नका.

• कापायचं, भोक पाडायचं असेल तर पूर्ण बाह्या, गॉगल आणि मास्क. शक्यतो ओलं करून कापा.

• खाज सुटली तर चोळू नका. थंड पाण्याने धुवा. रुतलेले धागे चिकटपट्टीने निघतात.

• चीर पडली म्हणून टाकू नका. आधी दुरुस्त करणारा शोधा.

• हाताला फायबरचं प्लास्टर असेल तर आत पेन, पट्टी घालून खाजवायचं नाही. बोटं सुजली, बधिर झाली किंवा निळी पडली तर तडक डॉक्टरकडे.